एसीची गळती थांबली, तरी भिंतीवर बुरशी परत येतेय. नेमकं काय राहतंय?

ओली_भिंत

नमस्कार मंडळी. बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. इनडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर, छताच्या एक वीत खाली. तांब्याच्या नळ्या आणि ड्रेन पाइप युनिटच्या उजवीकडून भिंतीतल्या झिरीत शिरतात, साधारण दोन हात आडवे जातात आणि मग भोकातून बाहेर पडतात. झिरी गिलाव्याने बुजवलेली आहे.

आधी युनिटच्या डाव्या टोकाखाली पाणी ओघळायचं. मेकॅनिकने बाहेरून ड्रेन पाइप फुंकून साफ केला, एसीतलं पाणी गोळा होतो तो ट्रे पुसला आणि थेंब थांबले. भिंतीवरची काळी बुरशी ब्लीचने पुसली, आठवडाभराने लांबी (पुट्टी) भरून रंग दिला. आता तिथेच पुन्हा हिरवट-काळे ठिपके दिसू लागलेत. शिवाय उजवीकडे, नळ्या जिथून आडव्या जातात त्याच रेषेत नवीन ओल आली आहे. तिथे पोपडे सुटलेत आणि पांढरी भुकटी दिसते. एसी लावला की सुरुवातीला कुबट वास येतो. एसी रात्रभर २० वर चालतो.

प्रश्न असे: पाणी गळत नसताना बुरशी कुठून येते? भिंत पूर्ण वाळली हे ओळखायचं कसं? आणि एसीच्या आतही बुरशी असेल का? रंगारी पुन्हा बोलावलाय, पण त्याआधी इथे विचारतो आहे.

---

पान्हा_पकड

रंगाऱ्याला आधी थांबवा. तो या कामात सगळ्यात शेवटी येतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन वेगळ्या गळत्या दिसतात. त्यातली पहिली अर्धवट बंद झाली आहे आणि दुसरीला कोणी हातच लावलेला नाही.

पहिली गळती. निचरा उजवीकडून होतो आणि पाणी डावीकडे पडत होतं. म्हणजे युनिट डावीकडे कललेलं आहे, किंवा ट्रेच्या डाव्या तोंडाचं बूच ढिलं आहे. बऱ्याच इनडोअर युनिटमध्ये ट्रेला दोन्ही टोकांना निचऱ्याचं तोंड ठेवतात, म्हणजे बसवताना सोयीच्या बाजूने पाइप जोडता येतो. उरलेल्या तोंडाला रबरी बूच असतं. पाइप तुंबला की ट्रे काठोकाठ भरतो आणि बुचाकडून पाझरायला लागतो. पाइप मोकळा केला की पातळी उतरते आणि थेंब थांबतात. बूच मात्र तसंच ढिलं राहतं, आणि पुढच्या वेळी नळीत थोडा चिखल साचला की तिथूनच पुन्हा सुरू होतं. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो, त्यामुळे त्यातला दहावा हिस्सा भिंतीत मुरला तरी भिंत कधी वाळणार नाही. युनिटच्या वरच्या कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. बुडबुडा मध्यात हवा, किंवा युनिट निचऱ्याच्या बाजूला अगदी किंचित खाली चालेल. उलटा कल अजिबात चालत नाही.

निचरा तपासायची सोपी रीत: एमसीबी, म्हणजे एसीच्या विजेचा मुख्य स्विच, पाडा. पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा. एका बाटलीत एक लिटर पाणी घेऊन कॉइलच्या (फिल्टरमागची धातूची पातळ पाती) डाव्या अर्ध्या भागावर हळूहळू ओता. उजव्या टोकाला बहुधा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, असतो, तिकडे थेंबही जाऊ देऊ नका. बाहेर पाइपाच्या तोंडाखाली मापाचं भांडं धरून कोणाला तरी उभं करा. थोडं पाणी कॉइलच्या पात्यांत अडकतं, पण बाकी जवळजवळ सगळं काही मिनिटांत धारेने बाहेर यायला हवं. थेंबथेंब आलं तर पाइप अजून कोंदलेला आहे. अर्धंच आलं तर उरलेलं कुठे गेलं ते शोधा.

पाइप फुंकून साफ करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते काम अर्धंच होतं. आतला गोळा म्हणजे धूळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर. बाहेरून फुंकलं की तो ट्रेमध्ये परत जातो आणि काही दिवसांनी तिथून पुन्हा पाइपात उतरतो. त्यापेक्षा पाणी ओढणारा व्हॅक्यूम बाहेरच्या तोंडाला लावा, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन मिनिटं ओढू द्या. मग वरून कोमट पाणी सोडा. पाव लिटर व्हिनेगर पाइपात अर्धा तास राहू दिलं तर उरलेला बुळबुळीतपणाही सुटतो. उकळतं पाणी नको, पीव्हीसी मऊ पडून पाइपाला झोळ येतो. ब्लीच तर कॉइलवर किंवा ट्रेमध्ये कधीच नको, ॲल्युमिनियमची पाती खातं.

पाइपाला ढाळ मीटरमागे किमान १ सेंमी हवा आणि वाटेत कुठेही चढ नको. बाहेरचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर हवा अडते आणि निचरा मंदावतो. ते थेट सांडपाण्याच्या बंद नळीत खुपसलेलं असेल तर घाणीचा वास खोलीत येतो, मध्ये हवेचं अंतर ठेवावं लागतं.

अजून एक गोष्ट बघून ठेवा. एसी बंद केल्यानंतर पाणी पडत असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे असं समजा. फिल्टर किंवा कॉइल धुळीने भरली असेल तर हवा पुरेशी जात नाही आणि बर्फ बहुतेक सगळ्या कॉइलवर पसरतो. एकाच भागावर बर्फ असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्या. गॅस वापरून संपत नसतो, तो बंद चक्रात फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी सुटतो आहे, आणि ती जागा न शोधता नुसता भरला तर काही महिन्यांत तेच.

दुसरी गळती, म्हणजे नळ्यांच्या रेषेतली ओल. इथे दोन शक्यता आहेत: झिरीतला ड्रेनचा सांधा पाझरतोय, किंवा नळ्यांना घाम येतोय. दोन्ही वेगळं ओळखायला एसी तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवा आणि त्या काळात रोज एक लिटर पाणी कॉइलवर ओता. पाणी ओतल्यावर ओल वाढली तर दोष ड्रेनचा. बंद असताना ओल कमी होत गेली आणि एसी लावल्यावर पुन्हा वाढली तर दोष इन्सुलेशनचा, म्हणजे नळ्यांवरच्या फोमच्या आवरणाचा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर एसी तासभर चालवून त्या रेषेवर आणि अर्धा मीटर वर, अशी दोन्हीकडची भिंत मोजा.

---

दवबिंदू

वरच्या सगळ्याशी सहमत. थोडं हवेच्या बाजूने.

२६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीचा दवबिंदू साधारण १७.६ अंश येतो. म्हणजे त्याहून गार कुठलाही पृष्ठभाग ओला होणार. खोलीच्या आत हे बहुधा निभावतं. बाहेरची हवा ३२ अंश आणि ७५ टक्के असेल तर मात्र तिचा दवबिंदू २७ अंशांपर्यंत जातो. ही हवा भोकातल्या फटीतून झिरीत शिरली की तिथला प्रत्येक गार भाग पाणी धरतो, मग इन्सुलेशनला बोटभर फट असली तरी पुरते. नळ्यांचं भोक बाहेरून नीट बुजवलंय का हे पाहा. कागदाची बारीक पट्टी भोकाशी धरली आणि ती हलली तर हवा येते आहे.

रात्रभर २० ठेवल्याने भिंत आणि लाकूड खोलवर थंड होतं. सकाळी एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्या गार भिंतीवर दव सोडते. युनिटखालच्या जुन्या ठिपक्यांचं हेही एक कारण असू शकतं, विशेषतः पट्ट्या खाली वळवलेल्या असतील आणि गार झोत थेट भिंतीला घासत जात असेल तर. पट्ट्या आडव्या ठेवा, तापमान २५-२६ करा, बंद केल्यावर भिंत खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच खिडक्या उघडा. साधा आर्द्रतामापक आणून युनिटसमोरच्या भिंतीपाशी ठेवा. आकडा सतत ६० च्या खाली हवा, ५० च्या आसपास उत्तम.

आणि खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर तो हवा पटकन गार करून थांबतो आणि आर्द्रता काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट वाटत असेल तर हे तपासा.

---

गिलावा

भिंतीबद्दल मी सांगतो.

आधी एक गल्लत दूर करू. उजवीकडची पांढरी भुकटी बहुधा बुरशी नाही, तो लोणा आहे. भिंतीतून पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. बोटावर थोडी भुकटी घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर क्षार, चिकट लगदा झाला तर बुरशी. लोणा म्हणजे पाणी आतून बाहेर येतंय याची खूण आहे, म्हणून तो दिसला ते एका परीने बरंच झालं. लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जिरतात.

डावीकडची बुरशी परत का आली? आठवडाभरात भिंत वाळली नव्हती म्हणून. वरून हात लावला तर कोरडी लागते, पण गिलाव्याच्या मागे वीट ओलीच असते. त्यावर लांबी आणि रंग चढवला की आतलं पाणी अडकतं. लांबी आणि डिस्टेंपरमधले सेंद्रिय चिकट पदार्थ हेच बुरशीचं खाणं. खाणं आणि ओल दोन्ही तुम्हीच पुरवलंत, असं झालं. ब्लीचने फक्त वरचा रंग उडाला होता, त्याबद्दल इथले रसायनवाले लिहितीलच.

आता काढायचं कसं. बुरशीचा पट्टा ३ फूट बाय ३ फूट एवढ्यापेक्षा कमी असेल तर घरी काम करता येतं. त्याहून मोठा असेल, किंवा फॉल्स सीलिंगच्या वर पसरला असेल, तर अनुभवी माणसाला बोलवा.

खोलीतले कपडे, गादी, पडदे बाहेर काढा. दाराला प्लास्टिक लावा, भिंतीखाली जमिनीवर प्लास्टिक अंथरा. छताचा पंखा आणि एसी बंद. खिडकीत एक पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ओढली जाईल. तोंडावर एन९५ मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांना भोकं नसलेला चष्मा. साध्या कापडी मास्कमधून बीजाणू सहज आत जातात.

कोरडी बुरशी कधीही घासू किंवा झाडू नका, एका फटकाऱ्यात लाखो बीजाणू हवेत उडतात. आधी स्प्रे बाटलीत पाणी आणि दोन-चार थेंब भांड्याचा साबण घालून पट्टा हलका भिजवा. ओघळेल इतकं नको. मग पत्रीने रंग आणि लांबी गिलाव्यापर्यंत खरवडा, आणि दिसणाऱ्या डागाच्या चारही बाजूंना आणखी एक फूट खरवडा. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा पुढे गेलेले असतात. गिलावा टकटक वाजवून पाहा. पोकळ आवाज आला किंवा बोटाने भुगा पडला तर तेवढा गिलावाही काढा. पडलेला सगळा माल ओला असतानाच पिशवीत भरा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि घरातून न हलवता-आपटता बाहेर न्या. जिप्सम बोर्ड असेल तर पुसत बसू नका. त्याच्या कागदात मुळं धरलेली बुरशी निघत नाही, एक फूट जास्त घेऊन तुकडा कापून टाका.

वाळवणं हाच खरा वेळखाऊ भाग आहे. सिमेंटचा गिलावा आणि मागची वीट यांना काही आठवडे लागतात. पाणी खोल मुरलं असेल तर विटेच्या जाडीत महिन्याला साधारण २५ मिमी, असा ढोबळ हिशेब धरतात. पंखा भिंतीशी तिरपा लावा, डीह्युमिडिफायर असेल तर दारं-खिडक्या लावून चालवा. हीटरने भिंत एकदम तापवू नका, वरचा थर आकसतो आणि भेगा पडतात.

वाळली का हे बघायला ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर धरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंत ओली आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीची हवा दमट आहे. पिनांचा ओलावामापक असेल तर त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचा आकडा आधी घ्या आणि त्याच्याशी तुलना करा, कारण तो आकडा लाकडासाठी ठरवलेला असतो आणि भिंतीवर नुसता वाचून अर्थ लागत नाही. लोणा असलेल्या जागी क्षारांमुळे मापक जास्त ओल दाखवतो हेही लक्षात ठेवा.

---

रसायन_वही

ब्लीचबद्दल. फरशी, काच, प्लास्टिक यांवर ते चांगलं काम करतं. ४ लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप, म्हणजे २४० मिली, यापेक्षा दाट नको. भिंतीवर मात्र क्लोरीन वरच्या थरातच संपून जातं आणि सोबतचं पाणी तेवढं आत मुरतं. डाग पांढरा झाला म्हणून बुरशी गेली असं वाटतं, आणि लांबीच्या आत तिचे धागे जिवंत राहतात.

खरवडलेल्या गिलाव्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. फडकं प्रत्येक वेळी नवीन बाजूने वापरा, तेच फिरवलं तर बुरशी इकडची तिकडे जाते. पेरॉक्साइडने रंग उडतो, शेजारच्या रंगीत भिंतीवर जाऊ देऊ नका. बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेलं बुरशीनाशकही चालतं, त्याच्या डब्यावरचं प्रमाण पाळा. पण मेलेली बुरशीही ॲलर्जी देते. त्यामुळे नुसती मारून उपयोग नाही, ती खरवडून घराबाहेर काढावीच लागते. गिलावा यांनी लिहिलेलं काम आधी, फवारा नंतर.

मिसळण्याबद्दल कृपया गांभीर्याने घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड, यांतून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर, यांतून क्लोरामाइन निघतो. बंद खोलीत दोन्ही फुप्फुसांना इजा करतात. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत घालू नका. पान्हा_पकड यांनी ड्रेनमध्ये व्हिनेगर सांगितलंय ते बरोबर आहे, पण तुमच्या मेकॅनिकने तिथे ब्लीच टाकलं असेल तर आधी दोन-तीन लिटर साधं पाणी सोडून पाइप धुऊन घ्या.

---

ओली_भिंत

सगळ्यांचे मनापासून आभार. रंगारी थांबवला. सांगितल्याप्रमाणे तपासलं:

एक लिटर ओतल्यावर पाणी धारेने आलं, जवळजवळ सगळं. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा उजवीकडे सरकतो, म्हणजे युनिट डावीकडे कललंय. डावं बूच ओलसर आहे. एसी बंद ठेवून पाणी ओतत राहिलो, तेव्हा उजवीकडची ओल वाढली नाही, उलट फिकट झाली. एसी लावल्यावर तासाभराने त्या रेषेवर १९ अंश आणि अर्धा मीटर वर २५ अंश दाखवतं. कागदाची पट्टी भोकाशी हलते. टॉर्चने आत पाहिलं तर ब्लोअरच्या (हवा खोलीत फेकणारा आतला पंखा) पात्यांवर काळे ठिपके आहेत.

झिरी फोडावी लागेल का? आणि ब्लोअर घरी साफ होतो का? घरात दम्याचा त्रास असलेलं एक माणूस आहे.

---

पान्हा_पकड

चाचण्या नेमक्या केल्यात, आता अंदाज करायची गरज उरली नाही. सहा अंशांचा फरक म्हणजे नळीचं इन्सुलेशन तिथे दबलंय, सरकलंय किंवा लावलेलंच नाही. घरगुती स्प्लिट एसीत दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह सहसा आउटडोअर युनिटमध्ये असतो, म्हणून आत येणारी बारीक नळीसुद्धा जाड नळीइतकीच गार असते. अनेक जण फक्त जाड नळीला इन्सुलेशन घालतात, किंवा दोन्ही नळ्या एकत्र गुंडाळतात. दोन्हींना वेगवेगळं हवं. सगळ्यात जास्त राहून जाते ती युनिटच्या मागच्या जोडाची जागा, तिथे नटांवर नुसती पांढरी टेप असते. टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे.

झिरी फोडून त्याच नळ्यांना नवीन इन्सुलेशन घालता येतं, पण मी तसं सुचवणार नाही. छिन्नीचा एक चुकीचा घाव नळीवर बसला तर दाबाखालचा गॅस सुटतो, आणि गॅस आर-३२ प्रकारचा असेल तर तो थोडाफार ज्वलनशीलही असतो. शिवाय गिलाव्याखाली दडलेला दोष पुढच्या वेळीही उशिराच कळणार. त्यापेक्षा नळ्या भिंतीवरून, प्लास्टिकच्या केसिंगमधून घ्या. दिसायला थोडं कमी, पण झाकण काढून हात लावून पाहता येतं.

मेकॅनिककडून काम करून घेताना यावर लक्ष ठेवा. पंप डाउन करून गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायचा, हवेत सोडायचा नाही. युनिट उतरवलंच आहे तर त्याचा मागचा पत्रा नव्याने लेव्हल करून ठोकायचा, त्याच वेळी डावं बूच बदलायचं. नवीन नळ्यांवर बंद पेशींच्या नायट्राइल रबराचं इन्सुलेशन, जाडी किमान १३ मिमी, फार दमट हवेत १९ मिमी. दोन तुकडे जुळतात तिथे ॲढेसिव्हने चिकटवायचं आणि मग वरून टेप. टेप ताणून गुंडाळली तर फोम दबतो आणि तेवढ्या भागात त्याचा उपयोग संपतो. घराच्या आतल्या ड्रेन पाइपालाही पातळ इन्सुलेशन घाला, त्यातून वाहणारं पाणी गार असतं. भिंतीचं भोक साधारण ६५ मिमी, बाहेरच्या बाजूला ५ ते १० मिमी खाली उतरतं हवं, आणि दोन्ही तोंडं सीलंट पुट्टीने बंद. बाहेर पडल्यावर नळ्यांना खाली एक वळण द्या, म्हणजे पावसाचं पाणी नळीवरून आत न येता वळणावरून टपकेल. शेवटी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (निर्वात मोजायचं एकक) उतरवल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. थोडा गॅस सोडून हवा काढण्याची पद्धत चुकीची आहे, आत दमट हवा राहते.

बदल झाल्यावर केसिंगचं झाकण लावायच्या आधी एसी तासभर चालवा आणि कोरड्या टिश्यूने प्रत्येक जोड टिपून पाहा. टिश्यू ओला झाला तर तो जोड पुन्हा करायला लावा.

ब्लोअरबद्दल: फोम क्लीनर कॉइल साफ करतो, ब्लोअरपर्यंत पोचत नाही. ब्लोअर हा मागे लपलेला लांब रोल असतो आणि प्रत्येक पात्याच्या आतल्या वळणात ओलसर धूळ घट्ट बसते. वास तिथूनच येतो. घरात दमा आहे, तेव्हा हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, युनिट उतरवलेलं असतानाच, मोकळ्या जागेत. ट्रे आणि ब्लोअर सुटे काढून साबणपाण्याने आणि ब्रशने धुवायला सांगा. जागेवर धुवायचं असेल तर युनिटभोवती पाणी गोळा करणारी पिशवी लावून, पीसीबी आणि मोटर झाकून, कमी दाबाच्या पाण्याने. पाती पातळ असतात, फवारा नेहमी त्यांच्या रेषेत धरायचा, आडवा धरला तर ती वाकतात. परत बसवताना ब्लोअरचा स्क्रू नीट कसला नाही तर खडखड येते.

क्रम असा ठेवा: आधी नळ्या आणि युनिट, मग भिंतीवरची बुरशी. उलटं केलंत तर एसी पहिल्याच दिवशी साफ भिंतीवर पुन्हा बीजाणू उडवेल. आणि गॅस गोळा करून झाल्यावर झिरी उघडून त्यातल्या जुन्या नळ्या काढून घ्यायला सांगा. रिकामी झिरी उघडी राहिली तर तो भाग लवकर वाळेल.

---

कोरडी_हवा

दम्याचा उल्लेख वाचून लिहितो आहे. खरवडण्याचं काम चालू असताना आणि खोली पुसून होईपर्यंत त्या व्यक्तीने घराबाहेर राहणं उत्तम, निदान त्या खोलीत झोपू नये. लहान बाळ, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेलं माणूस, यांनाही हेच लागू. श्वास लागणं किंवा खोकला वाढला असेल तर डॉक्टरांना घरातल्या बुरशीबद्दल आवर्जून सांगा, नाहीतर ते कारण तपासलं जात नाही.

काळी बुरशी म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी, असं काही नसतं. रंगावरून जात कळत नाही, आणि घर साफ करायला जात कळायची गरजही नाही. प्रयोगशाळेत नमुना पाठवण्यापेक्षा तो खर्च इन्सुलेशनवर करा.

खरवडल्यावर सगळे सपाट पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम असेल तर तो वापरा. साधा व्हॅक्यूम बीजाणू मागून परत हवेत सोडतो. कपडे आणि पडदे गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. बुरशीचे डाग पडलेली गादी, उशी, पुठ्ठ्याची खोकी ठेवून घेऊ नका, ती आतपर्यंत साफ होत नाहीत. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर १० सेंमी पुढे ओढा. मागची हवा फिरली नाही तर तिथेही तेच ठिपके येतील, आणि ते फार उशिरा दिसतील.

---

दवबिंदू

एक छोटी भर. बरेच जण सांगतात की एसी बंद करायच्या आधी २०-३० मिनिटं नुसता फॅन मोड चालवा म्हणजे कॉइल आणि ब्लोअर वाळतात. ते बरोबर आहे, फक्त एक लक्षात घ्या की ते पाणी वाफ होऊन खोलीतच येतं. म्हणून हे खोलीतून उठताना करा, झोपायच्या आधी नको, आणि मग आर्द्रतामापक ६० च्या वर राहिला तर थोडा वेळ ड्राय मोड लावा. काही एसींमध्ये आपोआप वाळवायची सोय असते, ती रिमोटवर चालू आहे का पाहा.

---

ओली_भिंत

नळ्या बदलायचं आणि युनिट उतरवून धुवायचं ठरवलं. शेवटचा प्रश्न: झिरी बुजवून रंग कधी द्यायचा, आणि कुठला?

---

गिलावा

प्लास्टिकची चाचणी दोन्ही जागी घ्या, युनिटखाली आणि झिरीत. दोन्हीकडे भिंतीकडची बाजू कोरडी आली की आठवडाभर थांबून पुन्हा घ्या, आणि त्या आठवड्यात एसी रोजच्यासारखा चालवा. एसी बंद असतानाची कोरडी भिंत काहीच सिद्ध करत नाही.

दुसऱ्यांदाही कोरडी आली तर झिरी सिमेंट-वाळूच्या मसाल्याने १:४ प्रमाणात भरा. खोल असेल तर दोन थरांत, एकदम भरली तर आकसून कडेला भेग पडते. जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर फायबरची जाळी दाबा. हा मसाला पाणी मारून मुरवावा लागतो आणि मग त्याला स्वतःचं वाळायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. लोकांचा धीर इथे सुटतो. तेवढे दिवस भिंत उघडी दिसली तरी चालेल.

लोणा पुन्हा आला का पाहा. आला तर ब्रशने झाडा आणि थांबा, क्षार येत असताना वर काहीही चढवलं तर ते पोपड्यासकट सुटतं. यायचा थांबला की अल्कलीला टिकणारा प्रायमर, त्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पातळ दोन हातांत, पुन्हा प्रायमर, आणि मग बुरशीरोधक घटक असलेला, वाफ बाहेर जाऊ देणारा इमल्शन रंग. ऑइल पेंट किंवा चकचकीत वॉटरप्रूफ थर आतल्या बाजूने देऊ नका. ओल अडून राहते आणि वर फुगे येतात. डिस्टेंपर या भिंतीवर नकोच. बुरशीरोधक रंगाने दिलासा मिळतो, पण नळीला घाम येत असेल तर कुठलाही रंग टिकणार नाही. म्हणून रंगाऱ्याला तारीख देण्याच्या आदल्या दिवशी एसी पूर्ण रात्र चालवा आणि सकाळी केसिंग उघडून सगळे जोड हाताने तपासा.